चौतीस सज्दे आणि अठरावा रोजा

आजारी माणसाला मुंबईला न्यायचे म्हटले की एकेकाळी पनवेलच्या घराघरांतून काळजीचे सावट पसरायचे. आता तसे राहिलेले नाही. शेजारी कामोठ्याला 1989 पासून एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, लहानमोठी इस्पितळे तर पावलोपावली. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्णांचा अभ्यास करून प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे संशोधन आता विलायतेत राहिले नाही, आपल्या मोहल्ल्यापर्यंत येऊन पोचले आहे. तरी त्याचे नाव काढले की आपली माणसे दचकतात. "आमच्यावर प्रयोग करणार काय?" असा सवाल येतो. नाहीतर कागद न वाचताच सही ठोकून मोकळे होतात. या दोहोंच्या मधली एक वाट आम्हाला घरातल्या दोन प्रसंगांनी दाखवली.

पहिला प्रसंग धाकट्या भावाचा. टेनिस बॉल क्रिकेट खेळताना पाय जमिनीत रुतला आणि अंग तेवढे वळले. कट्‌कन आवाज झाला, गुडघा भोपळ्यासारखा सुजला. एमआरआयमध्ये एसीएल नावाचा लिगामेंट तुटल्याचे दिसले. मांडीचे हाड आणि नडगी यांना जागेवर धरणारा हा आतला बंध. तो पुरता तुटला तर सहसा आपणहून नीट सांधत नाही. मग मांडीच्या मागची नस काढून, दुर्बिणीतून, हाडांना भोके पाडून ती त्याच्या जागी बसवतात. अम्मीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "हा सज्दा कधी करील?"

त्या इस्पितळात एक विद्यार्थी अशाच रुग्णांवर प्रबंध लिहीत होता. भावाने होकार दिला आणि त्याच्या हाती प्रश्नावली आली. जगभर वापरली जाणारी ही प्रश्नावली स्वीडनच्या एवा रूस यांनी सहकाऱ्यांसह तयार केली आणि ती 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात धावणे, उडी मारणे, गिरकी घेणे यांच्याच रांगेत उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणेही आहे. या सदराचे नाव 'खेळ व करमणूक'! आम्ही थबकलोच. रोजच्या फर्ज नमाजांच्या सतरा रकात, म्हणजे चौतीस सज्दे. आजाऱ्याला खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहे, पण तरुण पोराला ती जन्मभर कशी पुरावी? आणि ही गोष्ट एकट्या मुसलमानांचीही नाही. भाताची लावणी करणारी बाई, मासळीच्या पाटीपुढे बसलेली कोळीण, देशी संडास वापरणारा कुणीही घ्या. यांत करमणूक कुठली?

हा शब्दांचा कीस नव्हे. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे अशाच गुणांवर ठरते. 2010 मध्ये स्वीडनमधल्या 121 तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 62 जणांवर लवकर शस्त्रक्रिया, 59 जणांना आधी नुसता व्यायाम. दोन वर्षांत त्या 59 पैकी 23 जणांनीच पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, आणि दोन्ही गटांच्या गुणांत म्हणावा असा फरक निघाला नाही. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 316 रुग्णांच्या अभ्यासात मात्र, दुखापत जुनी होऊन गुडघा डळमळत राहिलेल्यांना शस्त्रक्रियेचा फायदा अधिक दिसला. दोन्हीकडे मोजमाप याच प्रश्नावलीचे. भावाने तीन महिने व्यायाम केला. तरी जिन्यावर गुडघा दगा देई, म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली. विद्यार्थ्याने आमचे म्हणणे ऐकून कागदाच्या कडेला 'नमाज' असे लिहून घेतले. पुढे फिजिओथेरपीत चटईवरचा सज्दाच त्याला व्यायाम म्हणून बसवून दिला.

त्या प्रश्नावलीच्या नावाचा उच्चार 'कूस' असा होतो. आपल्याकडे कूस म्हणजे गर्भाशय, आणि दुसरा प्रसंग तिथलाच.

रमजान ईदला महिना होऊन गेला होता. भाची पहिलटकरीण, नवरा कुवेतला. सासूबाईंनी चांद मोजून सांगितले, "दोन महिने भरले." आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ जेमतेम 4 मिलिमीटरचा, ठोके नाहीत. दोन महिन्यांना हे फारच कमी. सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख पुन्हा विचारली. भाची हळूच म्हणाली, "अठरावा रोजा सुटला, तो पहिला दिवस." पाळीत रोजे सुटतात, ते नंतर भरून द्यायचे असतात, म्हणून बायकांना तो हिशेब पाठ असतो. हिशेब झाला सहा आठवडे एक दिवस. तेवढ्या दिवसांना 4 मिलिमीटर म्हणजे ठीकच.

तरी बाईंनी थांबायला सांगितले. पूर्वी 5-6 मिलिमीटरच्या गर्भात ठोके दिसले नाहीत की तो गेला असे धरत. 2011 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की या हद्दीने कधीकधी जिवंत गर्भही मृत ठरेल. तेव्हा ती हद्द 7 मिलिमीटर झाली, आणि त्याखाली असेल तर किमान आठवड्याने पुन्हा तपासायचे असे ठरले. ज्या बायांनी आपल्या धाकधुकीच्या दिवसांत संशोधनाला होकार दिला, त्यांच्यामुळे एक-दोन मिलिमीटरची ही सवड मिळाली. दहा दिवसांनी भाचीच्या पोटातले ठोके पडद्यावर दिसले.

म्हणून सांगावेसे वाटते, की संशोधनाचा कागद पुढे आला तर पळू नका. तो मराठीत मागा, समजेपर्यंत विचारा. नको म्हटले तरी नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत, आणि होकार दिल्यावरही मध्येच बाहेर पडता येते. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, कुवेतहून परवानगी यावी लागत नाही. आणि सही केलीच, तर आपला सज्दा, आपला रोजा, आपले भाताचे खाचर हेही तिथे सांगा. प्रश्नावली करणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आपण सांगितल्याशिवाय कळणारही नाही.