कशावरून?

'कवीने अतिशय साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत. त्यामुळे ही कविता मनाला भिडते.'

ही वाक्यं कोणत्या कवितेबद्दल आहेत, सांगा. नाही सांगता येणार. ती नामदेवांच्या अभंगाला चालतात, मोरोपंतांच्या केकावलीला चालतात, ज. वि. पवारांच्या आंबेडकरांवरच्या कवितेलाही चालतात. घरातल्या सगळ्या पोरांना एकच झबलं. मी बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला मराठी शिकवतो आणि हे झबलं दरवर्षी वह्यांमधून नव्याने धुऊन येतं.

दहावीच्या कुमारभारतीच्या लेखी पेपरात 80 पैकी 4 गुण रसग्रहणाला असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं लिहायची. मुळात ही चौकट वाईट नाही. काय म्हटलंय, कसं म्हटलंय आणि कोणत्या शब्दांत, एवढंच ती विचारते. पण मुलांच्या हातात तिचे तीन डबे होतात. डबे गाइडमधून आधीच भरून ठेवायचे आणि पेपरात फक्त कवीचं नाव बदलायचं.

त्यात आमच्याकडचं कॅलेंडर वेगळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. वर्गातली काही मुलं आजीआजोबांजवळ मागे राहतात, काही जातात. टोळ्या परतायला लागतात तेव्हा दहावीची परीक्षा आटोपत आलेली असते. एका मुलाच्या वडिलांनी मला निघायच्या आधी विचारलं, "सर, ह्या कवितेचं पुढं करायचं काय असतंय?" प्रश्न रास्त होता. माझ्या परीने त्याचं उत्तर मी वर्गातच दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. त्या जोडीला 'कोयता'च म्हणतात, माणसांना हत्याराचं नाव. ती उचल ऊस तोडून, मोळ्या वाहून फेडायची. आणि हंगाम संपल्यावर पुष्कळदा ऐकायला मिळतं की अजून बाकी निघते.

मी फळ्यावर लिहिलं, 'बाकी निघते.' आणि विचारलं, असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल?

"कशावरून?" अर्धा वर्ग एकदम बोलला. किती टन, कोणत्या दिवशी, काय भावाने, कुठे लिहिलंय, दाखवा. हे शिकवावं लागलं नाही. मग त्याच्याखाली लिहिलं, 'ही कविता मनाला भिडते.' वर्ग शांत. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून दबका आवाज आला, "कशावरून?"

तेव्हापासून आमचा परिच्छेद तीन गोष्टींवर उभा राहतो. आधी आपलं म्हणणं, मग कवितेतला दाखला, मग त्या दाखल्यातून ते म्हणणं कसं निघतं ते. पहिल्या दोन लवकर जमतात. तिसरीपाशी गाडी रुतते, कारण दाखला दिला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. तिथे माझा दुसरा प्रश्न तयार असतो, "बरं, मग?" यमक आहे. बरं, मग? मुक्तछंद आहे. बरं, मग? मुलं मैदानातही एकमेकांना हेच विचारून छळायला लागली. माझ्या नावाने चिडवत असणार.

आसावरी काकडे यांच्या 'खोद आणखी थोडेसे'वर एका मुलाने लिहिलं की कवयित्री उपदेश करते. कशावरून? 'खोद' हे आज्ञार्थी क्रियापद आहे. बरं, मग? तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "सर, हुकूमच असता तर 'खोद' येवढंच पुरलं असतं. 'थोडेसे' म्हणल्यावर ते दमलेल्या माणसाला म्हणल्यासारखं झालं." त्याच्या घरची विहीर गेल्या काही वर्षांत दोनदा खोल केलेली आहे.

नुसतं सुंदर-सुंदर लिहिण्याची खोड काही आमच्याच पोरांची नाही. इंग्लंडात केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता दिल्या आणि वाटेल ते लिहायला सांगितलं. त्यातून 1929 साली पुस्तक निघालं. एवढ्या नामांकित विद्यापीठातली मुलंही समोरचे शब्द वाचण्याऐवजी आधीपासून तयार असलेल्या प्रतिक्रिया लिहीत होती. मीही नावं झाकून पाहिली. 'थोर कवी' एकदम गायब झाले, कारण थोर कोण ते कळेना.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती द. भा. धामणस्करांच्या 'वस्तू' या कवितेपाशी आली.

एका मुलीने पानभर लिहून आणलं. सगळं आईच्या पत्र्याच्या पेटीबद्दल. दरवर्षी ती पेटी ट्रॅक्टरवर चढते, फडाजवळच्या कोपीत एका कोपऱ्यात बसते, परत येताना नवी पोचे घेऊन येते. लिहिलेलं चांगलं होतं. रसग्रहण नव्हतं. मी म्हटलं, यात कविता कुठंय? ती चिडली. "मंग आमचं काहीच घालायचं न्हाई का?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. 'घाल की' म्हटलं तर तो निबंध होतो आणि गुण जातात. 'नको' म्हटलं तर ती पुन्हा गाइडकडे जाणार आणि पुढच्या वेळी मनातलं काही दाखवणारही नाही. मी म्हटलं, पेटीमुळे तुला कवितेत असं काय दिसलं जे बाकीच्यांना दिसलं नाही, तेवढंच लिही. तीन दिवसांनी तिने हे आणलं:

'ही कविता वस्तू नीट वापरण्याबद्दल आहे, असे कोणी म्हणेल. पण मला ती जागेबद्दल वाटते. कवी सांगतो की वस्तूंना वेगळी खोली नको असते, आपल्या जागेवरून कोणी काढणार नाही याची फक्त हमी हवी असते. हमी कोण मागतो? ज्याला आधी काढलेले आहे तो. म्हणून इथे वस्तू माणसासारख्या भितात. शेवटी कवी त्यांना कृतज्ञतेने निरोप द्यायला सांगतो. म्हणजे जावे तर लागतेच, पण हाकलून नाही.'

पेटीचं नावसुद्धा नाही. वर्गातले बाकी सगळे 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे' लिहून मोकळे झाले होते. हिने अलंकाराचं नाव न घेता तो काय करतो ते सांगितलं. आणि ते 'कोणी म्हणेल' पाहा. आमच्या मराठवाड्यातले नरहर कुरुंदकर वाद घालताना समोरच्याची बाजू आधी नीट मांडत आणि मग आपली. या मुलीने कुरुंदकर वाचलेले नाहीत. तिला ती जागा तिची तिलाच सापडली.

आता या परिच्छेदाला चारपैकी किती? मला भरवसा वाटेना. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो, त्याची नजर ओळखीचे शब्द शोधते. म्हणून मी तिला सुरुवातीला कवीचं नाव आणि शेवटी अलंकार व मुक्तछंदाचं एक वाक्य जोडायला लावलं. तिने नाक मुरडत जोडलं. 4 गुणांसाठी बांधावरची दोन वाक्यं द्यायला माझी हरकत नाही, मधल्या रानाचा सातबारा आपल्या नावावर राहिला म्हणजे झालं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, आधी पोरं पास होऊ द्या. त्यांचंही चुकत नाही, पण पास होण्यासाठी मुकं व्हावं लागतं असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर तिचे आईवडील गेले, धाकट्या भावाला घेऊन. ती आजीजवळ राहिली. एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचा फोटो आला. नीरजा यांची 'आश्वासक चित्र', तीच मुलीच्या भातुकलीची आणि मुलाच्या चेंडूची. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य होतं, 'पुढे हे दोघे दोन्ही खेळ मिळून खेळतील, ही कवयित्रीची खात्री आपल्यालाही पटते.' त्या वाक्यासमोर समासात तिनेच पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कशावरून?'

फोटोखाली मेसेज होता: 'सर ह्याचा दाखला सापडना. उद्या बघते. आता भाकरी टाकायच्यात.'