उगमाचा रकाना

२००४ साली अमेरिकेत ‘सिटी ऑफ हीरोज’ हा संगणकीय खेळ सुरू झाला. एकाच काल्पनिक नगरीत असंख्य खेळाडू आपापला महानायक घडवीत. त्याच्या सामर्थ्याचा उगम मात्र पाचांतून निवडावा लागे : स्वाभाविक, जादू, विज्ञान, उत्परिवर्तन किंवा तंत्रज्ञान.

माझा मुलगा व त्याचे मित्र असाच खेळ वहीत मांडीत. त्याने वाघासारखा नायक कल्पिला आणि विचारले, “बाबा, याचा उगम कोणता ठेवू?” “कोणताही ठेव, काय फरक पडतो?” असे म्हणून मी उत्तरपत्रिकांकडे वळलो.

फरक पडतो. १९६२ सालच्या ‘स्पायडरमॅन’ला किरणोत्सारी कोळी चावतो, सामर्थ्य अपघाताने येते, जबाबदारी मागाहून उमगते. १९३९ सालचा ‘बॅटमॅन’ वटवाघळाचे रूप गुन्हेगारांना धाक बसावा म्हणून स्वतः निवडतो. दोन्ही नावांत ‘मॅन’ हेच प्रधान पद आहे; प्राणी केवळ विशेषण. आपल्या नृसिंहाचे तसे नाही. हिरण्यकशिपूला माणसाकडून वा पशूकडून मरण नव्हते, म्हणून ते रूप त्या वरातूनच अटळ ठरले. अपघात, निवड आणि प्रयोजन : उगम बदलला की नायकाचे कर्तव्यही बदलते. सामायिक विश्वात तर इतरांना त्यावरूनच त्याची ओळख पटते.

पुढे ती वही हाती आली. वाघाचे चित्र पूर्ण होते. उगमाचा रकाना कोरा होता. आपल्या घरी कुणी असा प्रश्न विचारलाच, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे, एवढीच विनंती.