वाडीवरच्या तीन गाड्या

आपल्या घरांतून 'ठेवणे' या शब्दाला मोठा मान आहे. आजीचा तांब्याचा हंडा माळ्यावर ठेवलेला असतो. आजोबांचे व्हायोलिन तारा तुटलेल्या अवस्थेत पेटीत ठेवलेले असते. कुणा काकांनी आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवलेला असतो. त्यांचा वापर कोणी करीत नाही. पण त्या वस्तू काढून टाकाव्यात असे म्हणण्याचे धैर्यही कोणाला होत नाही. या ठेवण्यालाच आपण माया म्हणतो. परंतु ठेवणे आणि जपणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा विचार मला करावा लागला तो गोराईच्या एका वाडीवर पडून राहिलेल्या तीन जुन्या मोटारींमुळे.

बोरिवली स्टेशनातून पश्चिमेला निघून खाडीच्या धक्क्यावर यावे आणि लाँचने पलीकडे जावे, की गोराई येते. महापालिकेच्या नकाशात ही मुंबईच. पण पलीकडे पाय ठेवला की माड, वाटेवरचे क्रूस आणि खारा वारा आपले स्वागत करतात. माझ्या पत्नीच्या मामांची वाडी तेथे आहे. मामांना गाड्यांचा भारी सोस. ते राहत बोरिवलीला. पण एखादी गाडी चालेनाशी झाली की ती विकायची नाही, ट्रकला बांधून भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने वाडीवर न्यायची, हा त्यांचा शिरस्ता. "निवृत्त झालो की एकेक करून दुरुस्त करीन," असे ते म्हणत. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि पुढे मामाही गेले. आता वाडीची वाटणी व्हायची होती. धाकट्या मुलाने फाटकावर पुठ्ठा लावला: 'जुन्या गाड्या विकणे आहेत.' मामींनी मला निरोप धाडला. मला इंजिनातले काही कळत नाही. पण जन्मभर बँकेत नोकरी केल्यामुळे कागदपत्रे वाचता येतात. इंजिन वाचण्यासाठी मी आमच्या पॅरिशमधल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींना बरोबर घेतले. त्यांची उमेद कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात गेलेली.

गोठ्याला लागून पत्र्याची शेड होती. धाकट्याने कोयत्याने वेली तोडल्या तेव्हा कुठे गाड्या दिसल्या. पहिली महिंद्राची जीप, हूड कुजून गेलेली. दुसरी हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर, म्हणजे ॲम्बॅसडरच्या आधीची गाडी. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५४ पासून तयार होत असे. आणि तिसरी, भिंतीला टेकून उभी असलेली, १९५० च्या दशकातली फियाट ११००. तिचा गोलमटोल घाट पाहून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले आणि ते प्रेमाने टिकवले. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. मिस्त्रींनी दार उघडले तसे उंदराचे घरटे खाली पडले. डॅशबोर्डावर संत क्रिस्तोफर यांचे लहानसे पदक मात्र जागच्या जागी होते. १९६९ मध्ये चर्चने आपली पंचांगे नव्याने लावली तेव्हा या संताचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला. पण गाडी चालवणाऱ्यांनी त्याला डॅशबोर्डावरून काही उतरवले नाही.

ही फियाट म्हणजे आपल्या उपनगराचीच लेक. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या आणि मग इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती प्रत्येक मुंबईकराच्या ओळखीची. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. एके काळी ही गाडी मिळवण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. ज्या गाडीने आपल्या दोन पिढ्यांना दवाखान्यात, स्टेशनवर आणि लग्नाला नेले, ती आता शोधून पाहावी लागते.

मिस्त्रींनी एक स्क्रूड्रायव्हर काढला आणि लँडमास्टरच्या दाराखालच्या पट्टीवर हलकेच टेकवला. तो आरपार गेला. "खाडीची हवा," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितले. जीपला खाली जाड लोखंडाची वेगळी चासी असते. वरची बॉडी गंजली तरी ती बदलता येते. पण लँडमास्टर काय किंवा फियाट काय, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ आणि कडेच्या पट्ट्या गंजल्या की गाडीचा कणाच गेला. फियाट आतल्या बाजूला, फरशीवर उभी असल्यामुळे तिचा तळ बराच शाबूत होता. इंजिन मात्र जाम झालेले. मिस्त्रींनी चारही प्लग काढून भोकांतून तेल ओतले आणि सगळ्यांना बजावले, "बॅटरी लावून कुणी स्टार्टर मारायचा नाही. आठ दिवस तेल मुरू द्या." आठ दिवसांनी त्यांनी पुलीच्या नटावर पाना लावला आणि दोन्ही हातांनी सावकाश जोर दिला. इंजिन बोटभर फिरले, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. ते चालू झाले नव्हते, केवळ फिरले होते. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पाहून धाकटा मुलगा पहिल्यांदा त्या गाडीजवळ येऊन उभा राहिला.

अशा विसरलेल्या गाड्या सापडण्याच्या कथा जगभर आहेत. फ्रान्समधली एक तर मामांच्याच कथेची मोठी आवृत्ती वाटावी. रोजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने १९५० च्या दशकापासून जुन्या गाड्या जमवल्या. त्याला संग्रहालय काढायचे होते. पुढे धंदा बुडाला, काही गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या सुमारे ६० गाड्या पश्चिम फ्रान्समधल्या त्याच्या शेतावर, पत्र्याच्या छपरांखाली, गंजत राहिल्या. २०१४ मध्ये त्या उजेडात आल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. एकूण अडीच कोटी युरोंहून अधिक रक्कम आली. एकट्या एका फेरारीला १ कोटी ६० लाखांहून अधिक युरो मिळाले. ती एके काळी नट ॲलँ देलाँ याची होती. वर्तमानपत्रांनी या आकड्यांचे मथळे केले. पण त्या छपरांखालच्या कित्येक गाड्या दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या होत्या, हेही त्याच कथेतले सत्य. संग्रहालयाचे स्वप्न खोटे नव्हते. पण स्वप्नाला छप्पर धरता येत नाही.

आपल्याकडे याच्या उलटे उदाहरणही आहे. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांच्या गॅरेजमधल्या गाड्या पोसणे अनेकांना अशक्य झाले. कित्येक देशाबाहेर गेल्या, कित्येक जागेवरच सडल्या. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी अशा पुष्कळ गाड्या घेतल्या, कारागीर हाताशी धरून त्या दुरुस्त करवल्या आणि अहमदाबादजवळ कठवाडा येथे त्यांचे 'ऑटो वर्ल्ड' हे संग्रहालय उभे केले. २०११ मध्ये ते वारले. शंभरावर गाड्यांचा तो संग्रह त्यांच्या मागे राहिला. आणि कोल्हापूरला तर छत्रपतींची मेबॅक गाडी शाही दसऱ्याला अजूनही बाहेर निघते. वर्षातून एकदा का होईना, गाडी रस्त्यावर आणायची म्हटली की वर्षभर तिच्याकडे कोणाला तरी पाहावे लागते. जपणे म्हणजे एवढेच.

मामींच्या घरी मात्र या गाड्यांवरून बोलणे ताणले होते. थोरला मुलगा कॅनडात. तो फोनवरून सांगे, "पापांच्या गाड्या विकायच्या नाहीत. तीच त्यांची आठवण." मधल्याने भंगारवाल्याशी बोलणी केली होती, तो तिन्ही गाड्या किलोच्या भावाने एका खेपेत न्यायला तयार होता. धाकट्याला शेडची जागा हवी होती. भावाभावांत कडू शब्द गेले. शेवटी एका रविवारी मिस्सा आटोपून सगळे ओटीवर बसले, थोरल्याला फोनवर घेतले, आणि आतापर्यंत गप्प असलेल्या मामी बोलल्या. "तीस वर्षं गाड्या ठेवल्या. तीस वर्षांत एकानेही त्या धुतल्या नाहीत, मीसुद्धा नाही. मग ठेवल्या कुणासाठी? ज्याला धुवायच्या असतील त्याने न्याव्यात." फोनच्या पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग कागदांचा शोध सुरू झाला. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डांच्या खाली, फियाटचे आर. सी. बुक निघाले, लँडमास्टरचेही निघाले, कडा वाळवीने खाल्लेले, जीपचे मिळाले नाही. मी ओटीवर सगळ्यांना कायदा वाचून दाखवला. मालक वारला असेल तर नमुना ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावे करावी लागते, मग ती विकता येते. पुस्तक हरवले असेल तर नमुना २६ भरून दुसरी प्रत मागता येते. नोंदणी रद्द न करता गाडी भंगारात दिली, तर ती लोखंड होऊन वितळली तरी कागदावर मालकाच्या नावे जिवंत राहते. म्हणून गाडी मोडीत काढली की १४ दिवसांत तसे परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने आवश्यक आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, ते तर आमच्या कामाचेच निघाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली दुचाकी वा चारचाकी, जिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा बदल केलेला नाही, ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण ज्या गाडीची आधीच नोंदणी झालेली आहे तिला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. 'बीएम'ने सुरू होणारा मामांचा तो जुना क्रमांक राहू शकतो, हे ऐकून थोरल्याचा आवाज मऊ झाला.

पुढचे सर्व एका वर्षात झाले. लँडमास्टर वाचण्यासारखी नव्हती. तिची नोंदणी रद्द करून तिचे दिवे, जाळी आणि स्टिअरिंग पुण्याच्या एका गृहस्थांनी नेले. त्यांच्याकडच्या दुसऱ्या लँडमास्टरला नेमके तेच कमी होते. जीप धाकट्याने ठेवून घेतली. दुरुस्तीचा खर्च थोरला कॅनडातून पाठवतो आणि दर महिन्याला कामाचे फोटो मागतो. फियाट वसईच्या एका तरुणाने घेतली. त्याने भाव पाडून मागण्याआधी गाडीखाली शिरून तळ पाहिला आणि मिस्त्रींना तासभर प्रश्न विचारले. मामींना तेवढे पुरे झाले. गाडी ट्रकवर चढताना मधल्या मुलाने डॅशबोर्डावरचे पदक काढू लागताच मामींनी त्याचा हात धरला. "राहू दे. प्रवासाला ती निघालीय, मी नव्हे."

मामांची आठवण यामुळे कमी झाली असे मला वाटत नाही. उलट, इतकी वर्षे शेडमध्ये कोंडलेले त्यांचे वेड आता तीन ठिकाणी कोणाच्या तरी हाताला काळे तेल लावते आहे. आपल्या गावठाणांतून, वाड्यांतून, कुठे चिंचेखाली तर कुठे बंद गॅरेजात अशा गाड्या आणखीही असतील. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी येत्या पावसाळ्याची वाट पाहू नये. आधी पुस्तक शोधावे, मग भावंडांना एकत्र बसवावे, आणि ज्यांच्या बोटांना अजून त्या इंजिनाची ओळख आहे अशा एखाद्या मिस्त्रींना चहाला बोलवावे. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातले हात आता थोडे उरले आहेत. गाडीचा सुटा भाग उद्याही शोधता येईल. ती माणसे शोधण्याचे काम मात्र आजचे आहे.