मधला शहाणा

सुधारणेवर आमचा मुळींच राग नाहीं. टंकलेखनयंत्र माळ्यावर टाकून आम्हीं संगणक घेतला, तेव्हां एक अश्रूही ढाळला नाहीं. आमची तक्रार आहे ती न मागतां होणाऱ्या सुधारणेची. रात्रीं आपण स्वस्थ झोंपावें आणि सकाळीं उठून पाहावें तों कोणी अपरिचित सद्गृहस्थ आपल्या टेबलाशीं बसून आपलीं पत्रें चाळीत आहे, आणि वर अदबीनें विचारीत आहे कीं, 'यांचा सारांश सांगूं का?' असा प्रसंग वाचकांपैकीं किती जणांस सोसवेल? आम्हांवर तो गेल्या वर्षीं आला. हे सद्गृहस्थ आमच्या ब्राउझरांत बिऱ्हाड करून राहिले होते.

ब्राउझराचें नांव आम्ही सांगत नाहीं. हल्लीं बहुतेक सगळे एकाच माळेचे मणी झाले आहेत. पंधरा-सोळा वर्षें आम्ही तो वापरीत आलों. त्याचा सर्वांत मोठा गुण हा कीं, तो मध्यें आहे याची आठवणही होत नसे. खिडकींतून अंगण पाहतांना कांच दिसूं नये, तसा तो होता. आतां ती कांच बोलूं लागली. एका रात्रींत आपोआप झालेल्या बदलानंतर उजव्या अंगास एक पट्टी उघडली, पत्त्याच्या रकान्याशेजारीं एक चकाकणारें बटण आलें, आणि कोणतेंही पान उघडलें कीं तें आम्हीं वाचण्यापूर्वींच त्याचें सार काढून देण्याची तयारी दाखविली जाऊं लागली. पट्टी बंद करावी, तर दुसऱ्या दिवशीं ती पुन्हा हजर. तिला कायमचा निरोप कोठून द्यावयाचा हें शोधण्यांत आमचा एक अख्खा रविवार गेला. पट्टी गेली, बटण राहिलें.

इंग्रजींत 'ब्राउझ' या शब्दाचा मूळ अर्थ जनावरांनीं कोंवळा पाला खुडीत फिरणें असा आहे. पुढें पुस्तकांच्या दुकानांत उगीच इकडचें एक पान, तिकडचें एक पान पाहणाऱ्या माणसासही तो लागू झाला. शब्द मोठा समर्पक आहे. चरणाऱ्याला वाट चुकण्याचा हक्क असतो, आणि पुष्कळदां चुकलेल्या वाटेवरच चांगला पाला सांपडतो. नव्या व्यवस्थेंत मात्र चरणें, चावणें आणि रवंथ करणें हीं तिन्ही कामें यंत्रानें करावयाचीं, आणि आम्हीं दावणीला उभें राहून आयता घास घ्यावयाचा.

आमच्यासारखे कुरकुरणारे थोडे नाहींत, हें फायरफॉक्सच्या उदाहरणावरून दिसून आलें. हा ब्राउझर मोझिला नांवाच्या संस्थेचा. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति नोव्हेंबर २००४ मध्यें निघाली. त्या काळीं मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररचें जवळजवळ एकछत्री राज्य होतें. त्याविरुद्ध उभें राहण्यासाठीं सामान्य वापरणाऱ्यांनीं वर्गणी काढून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें दोन पानांची जाहिरात दिली, आणि वर्गणीदारांचीं हजारों नांवें तींत बारीक अक्षरांत छापलीं. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांची यादी लागते, तसाच तो प्रकार. पुढें डिसेंबर २०२५ मध्यें मोझिलाच्या नव्या मुख्याधिकाऱ्यानें फायरफॉक्सचें रूपांतर कृत्रिम बुद्धीच्या आधुनिक ब्राउझरांत होईल असें जाहीर केलें, तेव्हां जुन्या भक्तांनींच मोठा गिल्ला केला. अखेर ही सर्व बुद्धि एका झटक्यांत बंद करतां येईल असें वचन संस्थेस द्यावें लागलें, आणि २०२६ च्या फेब्रुवारींत ती सोय झाली.

संस्थेची बाजूही पाहिली पाहिजे. फायरफॉक्स स्वतःच्या गेको या इंजिनावर चालतो. क्रोम, एज, ऑपेरा हे त्याचे प्रतिस्पर्धी गूगलनें उभारलेल्या क्रोमियमवर चालतात. स्वतंत्र इंजिन राखणें खर्चाचें काम, आणि मोझिलाचें बहुतांश उत्पन्न येतें तें गूगलच्या शोधयंत्रास अग्रस्थान दिल्याबद्दल गूगलकडूनच. प्रतिस्पर्ध्याच्या पंगतीस जेवणाऱ्यानें बाजाराची हवा पाहूं नये, असें कोण म्हणेल? परंतु दार ठोठावून बाहेर थांबणारा पाहुणा निराळा, आणि माजघरांत पाट मांडून बसल्यावर 'नको असेन तर सांगा, जातों' म्हणणारा निराळा.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, एका बटणाचें एवढें स्तोम कशाला? दुर्लक्ष करावें. आम्हांसही तसेंच वाटत होतें. पण जी वस्तु सदा हाताशीं असते, तिला एखाद्या दिवशीं हात लागतोच.

आमची एक जुनी विद्यार्थिनी कोंकणांत प्राध्यापिका आहे. तिचे वडील प्राथमिक शिक्षक. तिला कॉलेजांत घालावयास ते स्वतः आले होते, आणि मुलीपेक्षां अधिक भीतभीत आमच्यासमोर बसले होते. या मुलीनें आपल्या तालुक्यांतील जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख लिहिला आणि लांबलचक पत्रासह आमच्या अभिप्रायासाठीं पाठविला. पेपर तपासण्याचे दिवस होते. डोळे शिणले होते. आम्हीं तें बटण दाबलें. पत्राचे आणि लेखाचे मिळून पांच मुद्दे समोर आले, मोठे नीटनेटके. त्यांच्या आधारानें आम्हीं चार ओळींचें उत्तर धाडलें आणि शेवटीं लिहिलें, 'तुझ्या वडिलांस आमचा नमस्कार सांग.'

आठ दिवसांनीं कांहीं कामानिमित्त मूळ पत्र उघडलें. त्याच्या मध्यावर एक वाक्य होतें: 'बाबा असते तर हा लेख त्यांनींच पहिल्यांदा वाचला असता.'

पांच मुद्द्यांत हें वाक्य नव्हतें. तें कोठून असणार? तो मुद्दा नव्हताच. मुलीचें सारें दुःख एका संकेतार्थांत होतें, आणि संकेतार्थ फळ्यावर लिहून शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं आहेत. परीक्षेपुरतीं गाइडें वाचून येणाऱ्या मुलांस भर वर्गांत खडसावणारे आम्ही!

लगेच फोन करून क्षमा मागितली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "तसं नाही सर, पत्रच जरा लांबलं होतं."

त्या दिवशीं तें बटणही शोधून बंद केलें. पुढल्या एखाद्या सुधारणेंत तें पुन्हा उगवेल, याची आम्हांस खात्री आहे. बटण त्यांचें असलें तरी बोट आमचें होतें, हेंही आम्ही जाणून आहों. रात्रीं तिचा लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तोही लांबच होता. वगळावी अशी एकही ओळ आम्हांस त्यांत सांपडली नाहीं.