रेडिओ कोणाचा?



दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून लाकडी पेटीचा जुना रेडिओ निघतो. घरातली पुरुषमंडळी म्हणतात, "द्या भंगारवाल्याला!" आपल्यालाही वाटतं, आता हा दुरुस्त कोण करणार? पण जरा थांबा. तो रेडिओ आहे तरी कोणता, एवढं आधी पाहून घ्या.

आमच्या वाडीच्या घरी असाच एक संच आहे. समोरची कंपनीची पट्टी केव्हाच निखळलेली. कोणी म्हणे मर्फी, कोणी म्हणे फिलिप्स, तर कोणी बुश! मेकॅनिकच्या शोधात मी बर्डीवर गेले, तर त्यानं पहिलाच प्रश्न केला, "मॉडेल नंबर काय?" एकाच कंपनीचे कितीतरी संच, प्रत्येकाची आतली जोडणी निराळी. नंबर असला म्हणजे जोडणीचा नकाशा शोधता येतो.

नंबर कुठे शोधायचा? मागच्या पुठ्ठ्यावर, पेटीच्या तळाशी आणि आतल्या बाजूला. कधीकधी नकाशाच आत चिकटवलेला सापडतो. डायलवर "किलोसायकल" लिहिलं असेल तर संच बहुधा जुना समजावा. "हर्ट्झ" हे एकक १९६० मध्ये स्वीकारलं गेलं. आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवरही नंबर असतात. पण ते ओल्या फडक्यानं पुसू नका हं! अक्षरं चटकन निघून जातात. डायलच्या काचेची आतली बाजूही तशीच. कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ काढा आणि मोबाईलवर फोटो घ्या.

आणखी एक, "लागतो का बघू" म्हणून प्लग मुळीच लावू नका. जुने कंडेन्सर खराब झालेले असतात, वायरचं रबर तडकलेलं असतं. व्हॉल्व्हचे नंबर "यू" अक्षरानं सुरू होत असतील, जसे यूसीएच ८१, यूएल ८४, तर आतल्या लोखंडी सांगाड्यातसुद्धा करंट असू शकतो. ते काम जाणत्या माणसाचंच.

आमच्या संचाचा नंबर मात्र यातल्या कुठेच मिळेना. सासूबाई दारात बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "नंबर काहून पाहिजे? माह्या पुस्तकात असन ना तो!"

त्यांच्या ट्रंकेतून निघालं पोस्टाचं परवान्याचं पुस्तक, १९६६ सालचं. तेव्हा रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली. पुस्तकात फीची तिकिटं चिकटवलेली, कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि परवाना कोणाच्या नावाचा? सासूबाईंच्या!

आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला "बाबांचा रेडिओ" म्हणत होतो. "भिशीचे पैसे आले होते," सासूबाई म्हणाल्या, "मीच घेतला." नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनचं, विविध भारती १९५७ पासूनची. दुपारी कामं उरकली की तेवढा एक तास त्यांचा असे. ह्यांनी पुस्तक दोनदा उलटसुलट करून पाहिलं. भंगाराचा विषय तिथेच संपला.

नंबर मिळाल्यावर मेकॅनिकनं नकाशा मिळवला, कंडेन्सर बदलले, काट्याचा तुटलेला दोरा ओवला. या संचावर एफएम लागत नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. मिडियम वेव्हवर खरखरीतून आवाज आला, तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून काटा फिरवला.

म्हणून म्हणते, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा. शिलाई मशीन असो, घड्याळ असो की रेडिओ, त्याचा कागद तिच्याच ट्रंकेत जपलेला असतो. त्यावर नाव कोणाचं आहे, तेही जरूर वाचा.