साठीनंतरची ढोलकी



गेल्या दशलक्षण पर्वानंतर दोघी-तिघींनी विचारलं, "या वयात ढोलकी कशी काय शिकलात?" शिकले म्हणणं जरा जास्तच होईल. पण विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या बस्तीतल्या महिला मंडळात ढोलकी वाजवायच्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो. त्या कुणाकडे शिकल्या नाहीत. माहेरी भजनाला बसायच्या, तिथं ऐकलं तेच हातात उतरलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं, चालणं बरंचसं परत आलं, डावा हात मात्र आला नाही. मग मंडळाच्या आरत्या नुसत्या झांजांवर चालू झाल्या. एका संध्याकाळी अक्कांनी आपली ढोलकी माझ्याकडे सरकवली. "घे. तुला हिशेब येतो ना? हेही मोजणंच आहे."

मी बी.कॉम. त्यामुळे आधी काय केलं, तर वही घातली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला किती मिनिटं बसले ते, आणि नावेला काय चुकलं ते. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते. रोज २० मिनिटं ठरवली. तासभर बसायचं ठरवलं असतं तर आठवड्यात सुटलं असतं, हे उपवासाच्या नियमांनी मला केव्हाच शिकवलंय. झेपेल तेवढाच नियम घ्यावा.

अक्कांनी पहिले पंधरा दिवस ढोलकीला हात लावू दिला नाही. तोंडानं म्हणायचं, धा गे ना ति, न क धि न. केरव्याच्या आठ मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला हात मोकळा. पोळ्या लाटताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. नातू म्हणाला, "आजी मंत्र म्हणतेय का?" नंतर तेच मांडीवर, आणि मग ढोलकीवर.

वहीचा खरा उपयोग महिन्यानं कळला. नावेच्या बाजूला सलग तीन आठवडे एकच नोंद: 'क नंतर धि उशिरा.' क ला डावा पंजा पुडीवर दाबून बसतो, आणि लगेच धि ला तोच हात मोकळा वाजायला हवा. माझा चिकटून राहायचा. तरी मी रोज अख्खा ठेका पहिल्यापासून वाजवत होते. म्हणजे येत असलेल्या सहा मात्रा घोटायच्या आणि न येणाऱ्या दोन तशाच सोडायच्या! मग आठ दिवस फक्त 'क धि' वाजवलं. कंटाळा आला, पण ती नोंद वहीतून गेली.

दुसरी गोष्ट मोबाइलनं दाखवली. टकटक वाजणारं ॲप मिनिटाला ६०वर लावून सुरुवात केली, टकटक बंद केली आणि स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं. शेवटी मी ८०च्या घरात होते. वाजवताना वाटत होतं, काय छान संथ चाललंय.

आता जे सांगणार आहे ते मंडळात सगळ्यांना आवडलं नव्हतं. ढोलकीची पुडी कातड्याची असते. आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिकडं कुणी बघितलं नव्हतं. बस्तीच्या दारात चामड्याचा पट्टा, पाकीट काढून ठेवायचं, आणि ढोलकी मात्र वेदीसमोर. मंडळात नव्यानं आलेल्या एका सुनेनं हे सरळ विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मी फायबरच्या पुडीची, नट-बोल्टनं कसायची ढोलकी आणली. आवाज कोरडा, पण भाद्रपदातल्या दमट हवेत ती कातड्यासारखी सैल पडत नाही.

अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एवढी वर्षं मी वाजवली, ते सगळं पाप झालं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. पेटी दुरुस्तीला दिली तेव्हा कारागिरानं भात्याच्या आतली कातड्याची पट्टी दाखवली, आणि पेटी तर आम्ही अजून वाजवतोच. त्याचा निर्णय मंडळात व्हायचाय. अक्कांची ढोलकी जुन्या साडीत गुंडाळून माझ्या कपाटात आहे. ती मी वाजवत नाही आणि कुणाला देतही नाही.

पुढच्या आठवड्यात अक्का आपणहूनच माझ्या शेजारी येऊन बसल्या. नव्या ढोलकीवर उजव्या हातानं टिचकी मारली. "हिच्यात गे नाहीच. तू मनगटाचा भार देऊन काढ." तसं केलं तर थोडा घुमारा आला खरा.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी पहिल्यांदा आरतीला बसले. हाताला घाम फुटला होता. माणसं गायला लागली की टकटक ॲप काही कामाचं नाही, कान त्यांच्याकडे ठेवावा लागतो, हे घरी एकटीनं बसून कळलं नव्हतं. कडव्यामागून कडवं पळत होते. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या अक्का दिसल्या. उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर सावकाश आपटत होत्या. त्या बोटाकडे बघत मी लय खाली आणली. झांजवाल्याही हळूहळू खाली आल्या.

रात्री वहीत लिहिलं. जमा: एक आरती. नावे: तिसऱ्या कडव्यापासून पळाले.

अक्कांनी चष्मा लावून वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'तिसऱ्या' खोडून 'दुसऱ्या' केलं.