हरियाल आणि गलोल

आमच्या वस्तीत कोणी पहाटे घराबाहेर पडला की तो पहिल्या पाळीला चालला, असेच समजतात. आम्ही दोघे मात्र नोकरी संपल्यापासून रविवारी नातवंडांना स्कूटरवर घेऊन तलावावर जातो. "पक्षी पाहाले जाते म्हणे!" शेजारची काकू पदर तोंडाला लावून हसते. हसू द्या. नागपूरकरांना अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव हाकेच्या अंतरावर. खर्च काय तो पेट्रोलचा आणि डब्यातल्या पोळी-भाजीचा. दुर्बीण जुन्या बाजारातली, तिची एक काच धुरकट आहे. तेवढ्यावर पाणकावळा, वंचक, खंड्या, टिटवी अशी नातीची वही भरत गेली. हिवाळ्यात तर हिमालय ओलांडून आलेली बदके फुकटात बघायला मिळतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. सुरुवात करायला तो बरा.

मागल्या डिसेंबरात आम्ही लांबचा बेत केला. आमचे साडभाऊ आलापल्लीला नोकरीला आहेत. त्यांच्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सागाच्या जंगलातून एसटीने हेमलकसाला गेलो. पावसाळ्यात या भागाचे रस्ते पुराने तुटतात, म्हणून हिवाळाच बरा. येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी तेथे दवाखाना चालवला, पुढे शाळा काढली.

सकाळी नदीकडे निघालो, तर वाटेत दहा-बारा वर्षांचा एक माडिया मुलगा भेटला. गळ्यात गलोल आणि हातात दोन मेलेले होले. आमचा नातू ओरडलाच, "ए, का करून राहिला? पक्षी मारणं गुन्हा आहे!" मुलाने हात पाठीमागे नेले आणि खाली मान घातली.

नातू चुकीचे बोलला नव्हता. १९७२ चा कायदा आहे, आणि आम्हीच त्याला ते शिकवले होते. पण त्या पोराची खाली गेलेली मान बघून आम्हाला आमचीच मान आठवली. उन्हाळ्यात मजुरी आटली की गावाकडे आम्ही हेच करत होतो. एका होल्याचा रस्सा माय पाच जणांना पुरवायची, आणि तिच्या ताटलीत काय उरले हे आम्ही कधी पाहिले नाही. एकदा मालकाच्या आमराईत गलोलीसकट सापडलो, तेव्हा चारचौघांत बसलेला मार अजून विसरलो नाही. नातवंडांना हे कधी सांगितले नव्हते. कशाला सांगायचे, असे वाटायचे. त्या वाटेवर, एका दगडावर बसून, सांगितले. नातू गप्प झाला. नातीने विचारले, "आबा, मग तुम्हाले वाईट नाही वाटलं?" खरे तेच सांगितले, की तेव्हा भूक होती, वाईट वाटायला जागा नव्हती.

प्रकल्पावर अनाथ प्राण्यांचा सांभाळ होतो, त्याची सुरुवातही अशीच आहे. शिकारीत मारलेल्या माकडिणीला तिचे पिल्लू बिलगलेले दिसले, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे उपदेश करत बसले नाहीत. तांदूळ देऊन त्यांनी पिल्लू मागून घेतले. आधी पोटाचे बघितले, हे आम्हाला फार पटते.

तो मुलगा मात्र गेला नव्हता. नातवाने आपण होऊन दुर्बीण त्याच्यापुढे धरली. त्याने ती उलटीसुलटी बघितली आणि परत दिली. मग बोटाने एक उंबर दाखवला. आम्हाला नुसती पाने दिसत होती. त्याने हलकीशी शीळ घातली, आणि पानांतली काही पाने चालू लागली. हरियाल! आपल्या राज्याचा पक्षी, हिरवट अंगाचा, पिवळ्या पायांचा. मोजता मोजता चौदा झाले. उंबराची फळे खाण्यात इतके दंग, की आमच्याकडे लक्षच नाही.

गलोल त्याच्या गळ्यातच होती. तिला त्याने हात लावला नाही, आम्हीही काही बोललो नाही. नातीने पक्ष्याचे त्याच्या बोलीतले नाव विचारले. त्याने सांगितले. तिला नीट ऐकू आले नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितले, आणि तिने ते वहीत हरियालच्या शेजारी लिहून घेतले.